क्रोमीनची पहिली बॅच स्टॅफ मारते, दुसरी ढिम्म! काय चुकतंय?

थ्रीनेकवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो, आज नाक दाबलं गेलंय म्हणून तोंड उघडतोय.

पीएचडीचं दुसरं वर्ष. विषय ऑक्सिजनवाले हेटरोसायकल्स (रिंगमध्ये कार्बनसोबत ऑक्सिजन असलेले रेणू) करायचे आणि त्यांची अँटिमायक्रोबियल ॲक्टिव्हिटी बघायची. हजार लोकांनी केलेला विषय आहे माहितीये, पण गाईडनी दिलाय तर करायचा. माझी सिरीज म्हणजे २-अमिनो-४एच-क्रोमीन-३-कार्बोनायट्राइल. डायमेडोन, मॅलोनोनायट्राइल आणि कुठलाही ॲरोमॅटिक अल्डिहाइड, तिन्ही एकाच फ्लास्कमध्ये पाण्यात टाकायचे, कॅटॅलिस्ट म्हणून सीटॅब हे साबणासारखं रसायन १० मोल टक्के, ६० डिग्रीला ढवळत ठेवायचं, अर्ध्या-पाऊण तासात सॉलिड खाली बसतं, मग गार करा, फिल्टर करा, बर्फाच्या पाण्याने धुवा, वाळवा, संपलं. कॉलम नाही, काही नाही. असे १२ कंपाउंड केले, सगळ्यांचं यील्ड ८५ च्या वर, टीएलसीला (शुद्धता बघायची पट्टी) एकच स्पॉट, एनएमआर (रेणूची रचना दाखवणारा स्पेक्ट्रम) पण ठीक आले.

मग वेल डिफ्यूजन केलं, म्हणजे जंतू पसरलेल्या आगरमध्ये खड्डा (वेल) पाडून त्यात कंपाउंड टाकायचं, भोवती जंतू न वाढलेला गोल म्हणजे झोन. ८ मिमीचं वेल, डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये ५ मिग्रॅ प्रति मिली, वेलमध्ये १०० मायक्रोलिटर. स्टॅफ ऑरियस (स्टॅफ) या जंतूवर जवळजवळ सगळ्यांनाच झोन आली, पॅरा-नायट्रोवाल्याला तर १५ मिमी. ई. कोलायवर मात्र एकही नाही. गाईड खूश, मी खूश, पेपरचा ड्राफ्ट पण सुरू केला, त्यात "नायट्रो ग्रुपमुळे ॲक्टिव्हिटी वाढते" असं एक ऐटबाज वाक्यही लिहून टाकलं.

आता रिपीट करायला घेतलं तर जुना स्टॉक जवळजवळ संपलेला, म्हणून पॅरा-नायट्रोची नवीन बॅच लावली, या वेळी १० ग्रॅम, आणि एक्स-रेसाठी क्रिस्टल मिळाले तर बघू म्हणून इथेनॉलमधून दोनदा रिक्रिस्टलाइज केली. मेल्टिंग पॉइंट दोन डिग्रीनी वर गेला आणि एकदम शार्प आला. एनएमआर तोच. झोन शून्य! डीएमएसओच्या वेलसारखं कोरडं ठक्क. तीन वेळा केलं. कंट्रोल म्हणून लावलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकची झोन मात्र नेहमीसारखी येतेय म्हणजे प्लेट आणि कल्चर ठीक आहे. गाईड म्हणतात "कॉन्सन्ट्रेशन वाढव, येईल". मला रात्रभर झोप नाही. पहिली बॅच खरी की दुसरी?

लॅबमध्ये_झोपलेला

सर म्हणतात तसं १० मिग्रॅ करून बघ की. आणि पहिल्या बॅचचा डेटा आहे ना हातात, तोच टाक पेपरमध्ये, दुसरी बॅच कधी झालीच नाही असं समज 😀 आमच्याकडे अर्धे थिसिस असेच उभे आहेत.

पेट्रीताई

वरचा सल्ला कृपया कोणी मनावर घेऊ नका, ज्यानी लिहिलाय त्यानी पण.

थ्रीनेकवाला, मी मायक्रोबायोलॉजीवाली, सिंथेसिसमधलं मला चहा ढवळण्याइतकंच कळतं, पण झोनबद्दल बोलते. तुम्ही केमिस्ट लोक झोनला मार्कांसारखं वाचता, १५ म्हणजे पहिला, १२ म्हणजे दुसरा. असं नसतं रे. आगर म्हणजे पाणीच, त्यातून जो रेणू पटकन पसरतो त्याची झोन मोठी, जो वेलच्या कडेलाच बसून राहतो त्याची छोटी. तुझी क्रोमीन पाण्यात विरघळत नाहीत, विरघळली असती तर पाण्यातल्या रिॲक्शनमधून सॉलिड होऊन खाली बसलीच नसती. डीएमएसओमधून आगरमध्ये शिरताक्षणी ती तिथेच साकळणार. म्हणजे झोन नाही आली म्हणून कंपाउंड मेलेलं आहे असं नाही, आणि दोन कंपाउंडच्या झोनमध्ये तीन मिमीचा फरक आहे म्हणून तुझं ते नायट्रोचं वाक्य पण खरं नाही. सिप्रो आगरमधून धावत सुटतं, त्याच्या झोनशी तुलना तर सोडूनच दे. वेल डिफ्यूजन फारतर "इथे काहीतरी आहे का" एवढं विचारायला ठीक.

एमआयसी काढ, म्हणजे वाढ थांबवणारं कमीत कमी कॉन्सन्ट्रेशन. ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन, ९६ वेलची प्लेट, कॅटायन-ॲडजस्टेड म्युलर-हिंटन ब्रॉथ. ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचं जंतूंचं सस्पेन्शन कर, ते साधारण १ ते २ गुणिले १० चा ८ वा घात सीएफयू (जिवंत जंतू) प्रति मिली असतं, आणि ते डायल्यूट करून वेलमध्ये शेवटी ५ गुणिले १० चा ५ वा घात यायला हवं. लोक इथेच आळस करतात, कल्चर जाड टाकतात आणि मग एमआयसी दोन-तीन पायऱ्या वर जाते, किंवा पातळ टाकतात आणि सगळी कंपाउंड्स अचानक गुणी होतात. ३५ डिग्री, १६ ते २० तास. डीएमएसओ शेवटी १ टक्क्याच्या आत ठेव आणि सगळ्या वेलमध्ये सारखाच ठेव, नाहीतर वरच्या वेलमध्ये मारलं ते डीएमएसओनी का तुझ्या रेणूनी ते देवालाच ठाऊक.

आणि कंट्रोल म्हणून कुठलंही लॅबमध्ये वर्षानुवर्षं स्लांटवर पडलेलं स्टॅफ नको, एमआयसीला एटीसीसीचा प्रमाणित स्ट्रेन २९२१३ घे, ई. कोलाय २५९२२. सिप्रोची एमआयसी २९२१३ वर ०.१२ ते ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलीमध्ये आली पाहिजे, ई. कोलायवर ०.००४ ते ०.०१६. ती रेंजबाहेर गेली तर त्या दिवशीची अख्खी प्लेट केराच्या टोपलीत, तुझे आकडे कितीही गोड दिसले तरी.

अजून एक, तुझं कंपाउंड १२८ मायक्रोग्रॅमला ब्रॉथमध्ये गढूळ होणार, आणि गढूळपणा म्हणजेच ग्रोथ असं आपण वाचतो. तेव्हा कल्चर न घालता नुसतं कंपाउंड आणि ब्रॉथ अशी एक रांग ठेव. रिझाझुरिन हा रंग घातलास तर निळ्याचं गुलाबी झालं की ग्रोथ, ते वाचायला सोपं जातं. पण कुमारिनवाल्यांनी (तोही ऑक्सिजनवालाच हेटरोसायकल) फ्लुरोसन्स रीडरवर टाकताना जपून, ती स्वतःच यूव्हीत चमकतात.

बॅचचा घोळ काय आहे ते मात्र तुमच्यातल्याच कोणीतरी सांगा.

जुनी_काच

पेट्रीताईंनी मोठं काम सोपं केलं. आता घोळाचं बघू.

अरे बाबा, तुझी पोस्ट मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाला अडखळलो. सीटॅब. पहिल्या बॅचचा एनएमआर काढ बाहेर, डीएमएसओमधला आहे ना? १.२४ ला काही आहे का? आणि ३.०५ च्या आसपास, पाण्याच्या ३.३३ च्या पीकच्या थोडं उजवीकडे, एक बारीक शार्प सिंगलेट आहे का? दुसऱ्या बॅचमध्ये पण बघ. बाकी मग बोलू.

आणि हो, रिंग बंद झाल्याची खात्री करून घेतली असशीलच. नायट्रोवाल्याला ४.३७ च्या आसपास एका प्रोटॉनचा सिंगलेट, सातच्या थोडं वर अमिनोचा रुंद, आणि डायमेडोनच्या दोन मिथाइलचे दोन वेगळे सिंगलेट, ०.९५ आणि १.०३ च्या आसपास. आठच्या पुढे तो अल्डिहाइड अधिक मॅलोनोनायट्राइलचा विनाइल प्रोटॉन उरलेला नको. तो उरला तर ते प्रकरण थायॉल (सल्फर-हायड्रोजन गट) दिसला की चिकटतं, बॅक्टेरियाचा असो की तुझा.

थ्रीनेकवाला

काका, हात थरथरतायत टाइप करताना.

पहिल्या बॅचमध्ये १.२४ ला एक रुंदसर पीक आहे, मी ते ग्रीस समजून सोडून दिलं होतं, सगळेच सोडतात. आणि ३.०४ ला सिंगलेट आहे!! एवढासा, पाण्याच्या पायथ्याशी. इंटिग्रेट केलं. ४.३७ चा सिंगलेट १ धरला तर ३.०४ चा ०.१८ आणि १.२४ चा साधारण ०.५. दुसऱ्या बॅचमध्ये दोन्ही नाहीत, बेसलाइन सपाट.

रिंग बंद आहे, दोन मिथाइल वेगळे दिसतायत, विनाइल नाही. दोन मिथाइल वेगळे का दिसतात हे मात्र व्हायव्हाला विचारलं तर माझी पंचाईत आहे.

जुनी_काच

सापडला चोर.

आधी मिथाइलचं संपवू. सी-४ वर हायड्रोजन, ॲरिल आणि रिंगच्या दोन वेगळ्या बाजू, म्हणजे ते स्टिरिओसेंटर. त्यामुळे जेम-डायमिथाइलमधला एक मिथाइल ॲरिलच्या बाजूला पडतो, दुसरा विरुद्ध बाजूला, दोघांचं वातावरण सारखं नाही, डायस्टिरिओटॉपिक. तुझ्या कॅटॅलिस्टला हात नाहीत म्हणजे उजवं-डावं कळत नाही, तेव्हा तुझं कंपाउंड रेसिमिक आहे, हे पेपरमध्ये लिही, लोक लिहीत नाहीत.

आता हिशोब. सीटॅब म्हणजे सीटाइलट्रायमिथाइलअमोनियम ब्रोमाइड, नायट्रोजनवर तीन मिथाइल, ९ प्रोटॉन, ते ३.०४ ला. सोळा कार्बनच्या शेपटीतले १३ सीएच२, २६ प्रोटॉन, ते १.२४ ला. तुझा ०.१८ भागिले ९ म्हणजे ०.०२. त्याला २६ नी गुण, ०.५२. तुला ०.५ मिळाला, म्हणजे ते ग्रीस नव्हतं, एकाच रेणूचं डोकं आणि शेपूट होतं. तुझ्या प्रत्येक १०० रेणूंमागे २ सीटॅब. वजनानी बघ, सीटॅब ३६४, तुझं नायट्रो ३३९, म्हणजे साधारण २ टक्के. वेलमध्ये तू ५०० मायक्रोग्रॅम माल टाकलास, त्यातलं १० मायक्रोग्रॅम सीटॅब.

आणि सीटॅब हे नुसतं साबणासारखं नाही रे, क्वाटर्नरी अमोनियम आहे, अँटिसेप्टिकच्याच खानदानातलं. बेन्झाल्कोनियमचा सख्खा चुलतभाऊ. मेम्ब्रेन फोडतं. स्टॅफला काही मायक्रोग्रॅम प्रति मिली पुरतं, ग्राम-निगेटिव्हला बाहेरचं मेम्ब्रेन असल्यामुळे जास्त लागतं. आता तुझी स्टॅफवर झोन आणि ई. कोलायवर शून्य ही तक्रार परत वाच.

"पण मी तर पाण्याने धुतलं होतं" म्हणशील. बर्फाच्या पाण्याने धुतलंस! सीटॅबचं क्राफ्ट टेंपरेचर साधारण २५ डिग्री, त्याच्या खाली ते पाण्यात नीट विरघळतच नाही, क्रिस्टल होऊन बसतं. तू गार करून, गार पाण्यानी धुऊन, सीटॅब प्रॉडक्टवर शेंदरासारखं थापलंस. ४०-५० डिग्रीच्या पाण्यानी धुतलं असतंस तर बरंचसं निघून गेलं असतं. आणि टीएलसीला दिसणार कसं, यूव्हीत ते दिसत नाही आणि सिलिकाला बेसलाइनवर चिकटून बसतं. आयोडीनच्या चेंबरमध्ये ठेवून बघ, खाली तपकिरी ठिपका दिसेल.

माझ्या तरुणपणी मी पण हेच केलंय, फरक एवढाच की माझं कॉपर होतं. कॉपरच्या कॅटॅलिस्टवर बेन्झोफ्युरान केले, फिक्कट हिरवट रंगाकडे दुर्लक्ष केलं, फंगसवर मस्त ॲक्टिव्हिटी, पोस्टरला शाबासकी. मग एका शहाण्या माणसानी विचारलं, कॉपर मोजलंत का? कॉपर फंगस मारतं हे शेतकऱ्यांना दोनशे वर्षांपूर्वीपासून माहीत, आम्हाला माहीत नव्हतं. हल्ली तर सिल्व्हर नॅनोपार्टिकल कॅटॅलिस्ट वापरून केलेल्या हेटरोसायकलची अँटिबॅक्टेरियल ॲक्टिव्हिटी असे पेपर दिसतात, वाचताना हसू का रडू कळत नाही.

आता काय करायचं ते. शुद्ध बॅच, नुसतं सीटॅब १० मायक्रोग्रॅम, आणि शुद्ध बॅचमध्ये मुद्दाम २ टक्के सीटॅब मिसळून, अशी तीन वेलं शेजारी शेजारी. तिसऱ्यात जुनी झोन परत आली तर खटला संपला. आणि पुढच्या वेळी सीटॅबच नको. ही रिॲक्शन इतकी गरीब स्वभावाची आहे की पाणी-इथेनॉलमध्ये चिमूटभर पोटॅशियम कार्बोनेट, प्रोलीन, डायअमोनियम हायड्रोजन फॉस्फेट, कशानेही होते. जो कॅटॅलिस्ट स्वतः बॅक्टेरिया मारतो तो अँटिबॅक्टेरियल सिरीजमध्ये घ्यायचा कशाला? आणि मॅलोनोनायट्राइल हातमोजे घालून आणि हूडमध्येच उघड, शरीरात गेलं की सायनाइड सोडतं.

पेट्रीताई

काका, शेंदूर थापला 😂 हे मी आमच्या लॅबच्या भिंतीवर लिहिणार आहे.

तीन वेलं करशील तेव्हा वेलंच करू नकोस, तेच तीन नमुने एमआयसीला पण लाव. सीटॅब पण आगरमधून फारसं पसरत नाही, ब्रॉथमध्ये खरं चित्र दिसेल.

नवखी_नळकांडी

मध्येच घुसतेय, सॉरी. मी एमएस्सीच्या प्रोजेक्टला पेखमान रिॲक्शन करतेय, रिसॉर्सिनॉल अधिक इथाइल ॲसिटोॲसिटेट, कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक, ७-हायड्रॉक्सी-४-मिथाइलकुमारिन. मग माझ्यात तर सीटॅब नाही, फक्त ॲसिड आहे. मला काही काळजी? आणि नायट्रोफिनॉल घेऊन केलं तर काहीच होत नाहीये, दोन दिवस वाया गेले.

जुनी_काच

नायट्रोफिनॉलवर होणार नाही, वाया घालवू नकोस. पेखमानमध्ये फिनॉलच्या रिंगनी पुढे होऊन हल्ला करायचा असतो, रिसॉर्सिनॉल दोन हायड्रॉक्सिलमुळे उतावळं असतं म्हणून १० डिग्रीच्या खाली पण होतं, नायट्रोनी तीच रिंग लुळी पडते. नायट्रो हवाच असेल तर सॅलिसिल्अल्डिहाइडच्या बाजूनी ये, ५-नायट्रोसॅलिसिल्अल्डिहाइड, डायइथाइल मॅलोनेट, पायपरिडीनचे दोन थेंब, क्नोव्हेनागेल रिॲक्शन. तिथे नायट्रो मदतच करतो.

ॲसिडची काळजी आहेच. बर्फावर ओतल्यावर जे पडतं ते न्यूट्रल होईपर्यंत धू, लिटमस लावून. ॲसिड राहिलं तर वेलभोवतीचा पीएच पडून खोटी झोन येते.

रिंगमास्टर

मजा आली वाचून. मी औषध डिझाइनच्या बाजूचा माणूस, आता जरा वेगळं बोलतो. समजा थ्रीनेकवाल्याचं सीटॅब निघालं, एमआयसी निघाली, ती १२८ च्या वर आली. मग पुढे काय, अजून २० अल्डिहाइड? म्हणजे अंधारात काठ्याच.

तुमच्या सगळ्यांच्या इंट्रोडक्शनमध्ये एकच परिच्छेद असतो, "ऑक्सिजनयुक्त हेटरोसायकल्स अनेक औषधांत आढळतात" आणि खाली चार स्ट्रक्चर. खरंय, आढळतात. पण त्यातला रिंग नेमकं काय करतो हे कोणी बघत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक घ्या, १९५३ पासून वापरात, सगळे म्हणतात फ्युरान अँटिबॅक्टेरियल आहे. फ्युरान तिथे फक्त पाट आहे, त्यावर बसलेला नवरदेव नायट्रो. बॅक्टेरियाचे नायट्रोरिडक्टेज, एनएफएसए आणि एनएफएसबी, तो नायट्रो रिड्यूस करतात आणि त्यातून जे आक्रमक तुकडे निघतात ते आतमध्ये जे सापडेल ते फोडतात. हे दोन जीन बिघडले की रेझिस्टन्स आला. नुसता फ्युरान तर यकृतात ऑक्सिडाइज होऊन ब्यूटीनडायाल होतो, ते आपल्यालाच मारक.

कुमारिनवाल्यांची आवडती गोष्ट म्हणजे नोव्होबायोसिन हे अँटिबायोटिक. "नोव्होबायोसिनमध्ये कुमारिन आहे, ते गायरेज या बॅक्टेरियाच्या एन्झाइमला अडवतं, म्हणून आमचं ७-हायड्रॉक्सीकुमारिन पण अडवेल." अहो, नोव्होबायोसिन गायरेजच्या जीआयआरबी भागातल्या एटीपीच्या खोबणीत शिरतं ते त्याच्या नोव्हिओज साखरेच्या जोरावर, एटीपीच्या जागेत ती साखर बसते आणि ॲस्पार्टेट ७३ ला धरते. कुमारिनचा भाग शेजारच्या आर्जिनिन १३६ जवळ टेकतो, आणि तोच आर्जिनिन बदलला की रेझिस्टन्स. साखर काढून टाकून उरलेल्या कुमारिनकडून तेच काम मागायचं म्हणजे बैल सोडून दिलेली गाडी चालेल म्हणण्यासारखं. आणि मग त्याच जीआयआरबीमध्ये डॉकिंग (कॉम्प्युटरवर रेणू बसवून बघणं) करून उणे आठचा स्कोअर दाखवायचा. उणे आठ तर काहीही घातलं तरी येतं, एकदा डीएमएसओच्या बाटलीवरचं लेबल घालून बघा.

उलटं उदाहरण बघा, जिथे रिंग खरोखर काम करतो. फॉस्फोमायसिन. एवढासा रेणू, तीन अणूंचा एपॉक्साइड, ऑक्सिजनवाला सगळ्यात लहान हेटरोसायकल. सेल वॉल बनवण्याची पहिली पायरी करणारं मुरए एन्झाइम, त्याच्या सिस्टीन ११५ नी एपॉक्साइड फोडला की तो रेणू तिथेच कायमचा जोडला जातो, एन्झाइम संपलं. आणि आत कसा जातो? बॅक्टेरियानी स्वतःच्या खाण्यासाठी ठेवलेल्या दारातून, जीएलपीटी आणि यूएचपीटी, ग्लिसरॉल-३-फॉस्फेटचा सोंग घेऊन. टीबीच्या जंतूच्या मुरएमध्ये त्या जागी सिस्टीनऐवजी ॲस्पार्टेट आहे, तर तिथे फॉस्फोमायसिन जन्मजात निकामी. एका अमिनो ॲसिडवर एवढं अवलंबून असतं.

किंवा लिनेझोलिड. ऑक्झाझोलिडिनोन रिंग, पूर्णपणे माणसानी फ्लास्कमध्ये घडवलेला क्लास. ड्यूपाँटनी १९८७ मध्ये त्यांचे सुरुवातीचे ऑक्झाझोलिडिनोन जाहीर केले, विषारीपणामुळे पुढे गेले नाहीत, मग अपजॉनच्या लोकांनी चिवटपणे बदल करत करत लिनेझोलिडपर्यंत आणलं आणि २००० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. रायबोसोमच्या ५०एस भागात, २३एस आरएनएच्या खोबणीत बसतं, आणि फक्त एस आयसोमर. काकांनी वर रेसिमिक लिहायला सांगितलं त्याचं कारण हेच आहे, कदाचित अर्धा माल नुसतं ओझं असतो.

तेव्हा थ्रीनेकवाला, तुझ्या क्रोमीनला विचारायचा प्रश्न "मारतं का" हा नाही, "आत जातं का, आणि गेलं तर टिकतं का" हा आहे. ई. कोलायवर शून्य आलं ना, ते तीन कारणांनी असू शकतं. दार बंद आहे, किंवा आत जातंय पण एक्रएबी-टॉलसीचा पंप उचलून बाहेर फेकतोय, किंवा तिसरं, आत काही करतच नाही. टॉलसी काढलेला ई. कोलाय मिळत असेल तर त्यावर लाव, आणि साध्या ई. कोलायवर पॉलिमिक्सिन बी नोनापेप्टाइड घालून लाव, ते बाहेरचं मेम्ब्रेन सैल करतं पण स्वतः फारसं मारत नाही. तीन आकड्यांत कळेल अडचण कुठे आहे. दोन्हीत काहीच नाही आलं तर बिनदिक्कत सोडून दे ती सिरीज. पंप काढल्यावर १२८ चं ४ झालं तर तुझ्या हातात थिसिस आहे, मग आत साठवायचं कसं यावर काम कर. २०१७ मध्ये हर्गेनरोदर ग्रुपनी दाखवलंय की प्रायमरी अमीन, चपटा आकार आणि कमी हलणारे बॉण्ड असले की ई. कोलायमध्ये साठवण वाढते, डीऑक्सिनायबोमायसिनला अमीन लावून त्यांनी ते ग्राम-निगेटिव्हवर चालवून दाखवलं. तुझ्या क्रोमीनवर अमिनो आहे म्हणून खूश होऊ नकोस, तो नायट्राइलशी जोडलेला इनॅमीन आहे, प्रोटॉन घेतच नाही, त्याला अमीन म्हणणं म्हणजे नावाचाच सरदार.

आणि कृपया एमआयसी मायक्रोमोलरमध्ये पण लिहा. १२८ मायक्रोग्रॅम म्हणजे तुझ्या फिनाइलवाल्याचं, मॉलिक्युलर वेट २९४, जवळजवळ ४३५ मायक्रोमोलर. सिप्रोचं ०.२५ म्हणजे पाऊण मायक्रोमोलर. दोघांना एका टेबलात "चांगली ॲक्टिव्हिटी" म्हणताना जीभ कशी रेटते?

लॅबमध्ये_झोपलेला

डीएमएसओच्या लेबलचं डॉकिंग 💀

बरं, वरचा माझा सल्ला मागे घेतो. पण एक शंका, ४३५ मायक्रोमोलरला तर आपल्या पेशी पण मरत असतील ना?

पेट्रीताई

मरू शकतात, म्हणून तर बघायचं. व्हेरो किंवा हेक२९३ पेशींवर, नाहीतर किमान रक्ताच्या लाल पेशींवर हिमोलायसिस. थ्रीनेकवाल्याच्या पहिल्या बॅचनी हिमोलायसिस केलं असतं तर सीटॅब तेव्हाच पकडलं गेलं असतं, ते लाल पेशी पण फोडतं.

थ्रीनेकवाला

तीन आठवड्यांनी येतोय, माफी.

तीन वेलं झाली. शुद्ध बॅच शून्य, नुसतं सीटॅब झोन, शुद्ध अधिक २ टक्के सीटॅब झोन, आणि मोजली तर १४ मिमी, जुनी १५ होती. पट्टी हातात घेऊन बराच वेळ नुसता बसलो होतो. आयोडीन चेंबरमध्ये पहिल्या बॅचेसचे उरलेसुरले नमुने ठेवले, १२ पैकी ११ ला खाली तपकिरी ठिपका. ज्याला नव्हता तो मेटा-मिथॉक्सी, त्याची झोन पण नव्हती. आणि पॅरा-नायट्रोचा ठिपका सगळ्यात गडद. म्हणजे माझं ते नायट्रोवालं वाक्य खरं तर "नायट्रोवाल्यात सीटॅब जास्त राहतं" असं होतं.

सगळी १२ परत केली, पोटॅशियम कार्बोनेट, पाणी-इथेनॉल, मग इथेनॉलमधून रिक्रिस्टलायझेशन. यील्ड थोडं पडलं, ७० ते ८०. पेट्रीताई म्हणाल्या तशी एमआयसी लावली, सिप्रो रेंजमध्ये आलं. १२८ पर्यंत दोन्ही जंतूंवर काहीही नाही, फक्त ३,४-डायक्लोरोवालं स्टॅफवर ६४ ला, तेही एकदा ६४ एकदा १२८.

गाईडना सगळं दाखवलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले ड्राफ्टची फाईल डिलीट नको करूस, नाव बदलून ठेव. आणि मग स्वतःच्या कपाटातून एका जुन्या विद्यार्थ्याची दोन व्हायल काढून दिल्या, त्या पण सीटॅबवाल्या सिरीजच्या, आणि म्हणाले यांना पण आयोडीन दाखव.

दाखवलं. काय दिसलं ते इथे लिहीत नाही.

टॉलसीवाला स्ट्रेन पेट्रीताई कुठून मिळेल ते व्यनि करा ना प्लीज, डायक्लोरोवालं त्यावर लावून बघायचंय.

पेट्रीताई

व्यनि केलाय. ग्लिसरॉल स्टॉक उणे ८० ला ठेव, आणि डीएमएसओ स्टॉक सारखा गोठवू-वितळवू नकोस, डीएमएसओ पाणी ओढतं आणि तुझं डायक्लोरो तळाशी बसेल, मग वरून पिपेट करशील आणि परत इथे येशील. छोट्या छोट्या व्हायलमध्ये वाटून ठेव.